स्क्लोडोव्स्काइट : खनिजाच्या नावात जपलेले माहेर

तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारले आहे : ‘७ नोव्हेंबरच्या भित्तिपत्रकासाठी आमच्या नववीच्या मुली मादाम क्युरींवर लिहीत आहेत. एकीला कुठेतरी स्क्लोडोव्स्काइट हा शब्द मिळाला आणि तिने लिहिले, स्क्लोडोव्स्काइट हा दुर्मिळ धातू मेरी क्युरीने शोधला. दुसरी म्हणते, क्युरींच्या नावाचे खनिज क्युराइट आहे, हे नव्हे. या नावाचा नेमका अर्थ काय? मराठीत ते कसे लिहायचे, वाक्यात कसे वापरायचे? आणि असले काही आपल्या भागात सापडते का?’

बाई, आधी पहिल्या मुलीचे वाक्य घेऊ. त्यात दोन चुका आहेत. स्क्लोडोव्स्काइट हा धातू नाही, ते खनिज आहे. आणि ते मारी क्युरींनी शोधलेले नाही. त्यांच्या सन्मानासाठी दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. दुसऱ्या मुलीचे अर्धे बरोबर आहे. क्युराइट नावाचे खनिज आहेच, पण ते नाव मारींवरून नाही, त्यांचे पती पिअर यांच्यावरून आहे. म्हणजे नवरा-बायकोच्या नावाची दोन वेगळी खनिजे आहेत आणि बायकोच्या खनिजाला तिचे माहेरचे आडनाव आहे. सांगलीत ३४ वर्षे भूविज्ञान शिकवताना मी दर वर्षी ही गोष्ट वर्गात सांगितली आणि दर वर्षी मागच्या बाकांवरच्या मुलीसुद्धा मान वर करून ऐकायच्या. म्हणून थोडे ऐसपैस लिहिते.

मारी क्युरींचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सामध्ये झाला. नाव मारिया स्क्लोडोव्स्का. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. वॉर्सा रशियन साम्राज्यात होते. पुढे त्या पॅरिसला शिकायला गेल्या, १८९५ च्या जुलैमध्ये पिअर क्युरींशी लग्न झाले आणि जगाच्या तोंडी ‘मादाम क्युरी’ हे नाव बसले. पण जुलै १८९८ मध्ये दोघांनी मिळून नवे मूलद्रव्य जाहीर केले तेव्हा त्याचे नाव पोलंडवरून पोलोनियम ठेवले. आपले मूळ त्या विसरल्या नव्हत्या. त्या दोन्ही आडनावे वापरत. मुलींनी भित्तिपत्रकावर ‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी’ असे पूर्ण नाव लिहावे, असे मला मनापासून वाटते.

नावाचा दुसरा भाग ‘आइट’. खनिजांच्या नावांना लागणारा हा प्रत्यय मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘च्या संबंधीचा, च्या नात्यातला’ असा होतो. मुलांना समजावताना मी आपला ‘कर’ प्रत्यय वापरायची. वाईचा तो वाईकर, तासगावचा तो तासगावकर. तसे फ्रान्समधल्या ओतँ या गावाजवळचे खनिज ते ऑट्युनाइट. गावांच्या नावांना ही तुलना चपखल बसते, माणसांच्या नावांना थोडी ओढून. पण अर्थ पोहोचतो. स्क्लोडोव्स्काइट म्हणजे स्क्लोडोव्स्कांच्या नावाने ओळखला जाणारा दगड. या नावात रंग नाही, गुण नाही, घटकद्रव्य नाही. फक्त एका व्यक्तीची आठवण आहे.

सगळीच नावे अशी नसतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी जगभर प्रसिद्ध केलेले निळेभोर कॅव्हन्साइट घ्या. त्याचे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जोडून केलेले आहे. आपल्या काळ्या कातळात मिळणाऱ्या पांढऱ्या सुयांच्या स्कोलेसाइटचे नाव ग्रीक भाषेतल्या ‘अळी’ या अर्थाच्या शब्दावरून पडले, कारण ज्योतीत धरले की त्याच्या सुया अळीसारख्या वळतात. तिथे नावावरून खनिजाबद्दल काहीतरी कळते. व्यक्तीवरून ठेवलेल्या नावातून खनिजाबद्दल काहीच कळत नाही, म्हणून त्यामागची हकिगत माहीत असावी लागते.

ती हकिगत आफ्रिकेतली आहे. तेव्हाच्या बेल्जियन काँगोतल्या काटांगा प्रांतात शिंकोलोब्वे नावाच्या जागी १९१५ मध्ये युरेनियमचा साठा सापडला. धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात तो दगड, इतके समृद्ध की काही ठिकाणी त्यात युरेनियम ऑक्साइडचे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत जाई. त्या काळात युरेनियमला फारशी किंमत नव्हती. किंमत होती त्याच्या सोबत कणाकणाने असणाऱ्या रेडियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याला. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी गोळा करून मारी क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्याची किंमत एक लाख डॉलर होती. १९२२ पासून शिंकोलोब्वेचे धातुक बेल्जियममध्ये ओलेन इथे आणून त्यातून रेडियम काढू लागले आणि रेडियमचा भाव उतरला.

खाणीतून येणाऱ्या दगडांत रंगीबेरंगी, पूर्वी कुणी न पाहिलेली खनिजे होती. ती तपासण्याचे काम बेल्जियन खनिजशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्युप यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी एका नारिंगी-लाल खनिजाला पिअर क्युरींच्या स्मरणार्थ क्युराइट हे नाव दिले. पिअर १९०६ मध्येच पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली येऊन गेले होते. १९२२ मध्ये किरणोत्सर्गावर काम करणाऱ्या फ्रेडरिक सॉडींवरून सॉडीआइट आणि किरणोत्सर्गाचा शोध लावणाऱ्या आंरी बेकरेल यांच्यावरून बेकरेलाइट ही नावे आली. मग १९२४ मध्ये लिंबासारख्या पिवळ्या, सुईसारख्या स्फटिकांच्या एका खनिजाला स्क्लोडोव्स्काइट. एका खाणीच्या दगडांत किरणोत्सर्गाच्या शोधाचा सगळा इतिहास अशा रीतीने लिहिला गेला. नावे देणाऱ्या श्युप यांचे नावही त्यातून सुटले नाही : टोरोंटोच्या एका खनिजशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये त्याच खाणीतल्या एका खनिजाला श्युपाइट म्हटले.

आता मुलींच्या भांडणाचा मुद्दा. क्युराइट असताना मारींसाठी वेगळे नाव का? दोन खनिजांना एकच नाव देता येत नाही. क्युरी हे आडनाव १९२१ मध्ये पिअर यांच्या खनिजाला लागून गेले होते. राहिले होते ते मारींचे स्वतःचे, जन्माचे आडनाव. मला हा निव्वळ सोयीचा मार्ग वाटत नाही. ‘मादाम क्युरी’ या नावात बाई नवऱ्याच्या नावातून ओळखली जाते. स्क्लोडोव्स्काइट या नावात ती वॉर्सातल्या शिक्षक आईबापांची मुलगी म्हणून ओळखली जाते. हे नाव दिले तेव्हा त्या हयात होत्या, ५६-५७ वर्षांच्या होत्या आणि दोन नोबेल पारितोषिके, १९०३ चे भौतिकीचे आणि १९११ चे रसायनशास्त्राचे, त्यांच्या नावावर होती.

हा विषय मला जवळचा का, तेही सांगते. माझ्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आहे आणि नोकरीच्या सगळ्या कागदांवर सासरचे. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र मी आयुष्यात चार वेळा केले, राजपत्रात नाव छापून आणले. विद्यार्थी असताना ज्या टिपणावर माझे नाव छापले होते, त्याचा संदर्भ पुढे कुणी दिला तर ती मीच हे फार थोड्यांना कळे. तुमच्या नववीच्या मुलींनाही उद्या हा प्रश्न येणार आहे. तेव्हा जगाच्या खनिजसूचीत एका बाईचे माहेरचे नाव कायमचे कोरलेले आहे, हे त्यांना ठाऊक असू द्या.

एक बारकावा आहे, तो मला फार उशिरा लक्षात आला. पोलिश भाषेत असली आडनावे लिंगानुसार बदलतात. वडील स्क्लोडोव्स्की, मुलगी स्क्लोडोव्स्का. आपल्याकडे जुन्या बोलीत पाटील-पाटलीण, कुलकर्णी-कुलकर्णीण होते, तशातलाच प्रकार. शेवटचा ‘आ’ हा स्त्रीलिंगाची खूण आहे. मी कितीतरी वर्षे वर्गात सांगत असे की स्क्लोडोव्स्काइट या शब्दातला ‘का’ म्हणजे स्क्लोडोव्स्कातला ‘का’. ते चूक होते. रोमन लिपीत खनिजाचे नाव लिहिताना आडनावाचा शेवटचा ‘आ’ गाळून उरलेल्या ‘स्क्लोडोव्स्क्’ला प्रत्यय जोडला आहे. मराठीत दिसणारा ‘का’ हा ‘क्’ आणि ‘आइट’मधला ‘आ’ मिळून झाला आहे. वडिलांच्या आडनावावरून नाव केले असते तरी ते अगदी हेच झाले असते! म्हणजे शब्दात बाईची खूण उरत नाही. ती आपण सांगावी लागते. तरी देवनागरीत लिहिल्यावर योगायोगाने ‘स्का’ पुन्हा दिसू लागतो. व्युत्पत्ती म्हणून हे सांगू नका, पण नाव लक्षात ठेवायला मुलींना त्याचा उपयोग होईल.

आता लिहायचे कसे. मी मराठीत या शब्दाची पाच-सहा रूपे पाहिली आहेत : स्क्लोदोव्स्काइट, स्क्लोडोस्काइट, स्क्लोडॉव्हस्काइट, स्क्लोडोव्स्काईट वगैरे. माझी शिफारस ‘स्क्लोडोव्स्काइट’. मूळ पोलिश उच्चार मराठी कानाला वेगळाच वाटेल : साधारण ‘स्क्वोदोफ्स्का’. तिथे ज्या अक्षराला आपण ‘ल’ समजतो त्याला मधून छेदणारी एक तिरपी रेघ असते आणि त्याचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो, ‘ड’ हा दंत्य ‘द’ असतो आणि ‘व’चा पुढच्या ‘स्’मुळे ‘फ’ होतो. मग आपण ‘स्क्वोदोफ्स्काइट’ का लिहू नये? माझे मत असे : व्यक्तीचे नाव शक्य तितके तिच्या भाषेजवळ न्यावे, पण खनिजाचे नाव ही जगभरच्या शास्त्रज्ञांची सामायिक संज्ञा आहे आणि ती ज्या अक्षरांत रूढ झाली त्या अक्षरांना धरून लिहावी. विद्यार्थ्याने पुढे इंग्रजी पुस्तक उघडले तर त्याला शब्द ओळखता आला पाहिजे. ‘व’ मात्र गाळू नका. ‘स्क्लोडोस्काइट’ लिहिले की आडनावाचा एक तुकडाच पडतो.

‘आइट’ की ‘आईट’ हा वाद मी शिक्षकांच्या बैठकीत पुष्कळ ऐकला आहे. ‘आईट’ लिहिणाऱ्यांच्या बाजूने शुद्धलेखनाचा नियम आहे : तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दात उपान्त्य इकार दीर्घ, जसे गरीब, वकील. वर्तमानपत्रे म्हणूनच ‘ग्रॅनाईट’ लिहितात. पण मराठी विश्वकोशाने ग्रॅनाइट, कॅल्साइट अशी ह्रस्व रूपे स्वीकारली आणि मी ती पाळते. कारण इथला ‘इ’ स्वतंत्र अक्षर म्हणून उच्चारला जात नाही, तो आधीच्या ‘आ’ला चिकटून येतो. आणि दुसरे खरे कारण सांगायचे तर सातारा जिल्ह्यात, कृष्णेकाठी वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली जो विश्वकोश उभा राहिला, त्याने मराठीत खनिजांवर लिहायची भाषा घडवली. स्फटिकांसाठी एकनताक्ष (एक अक्ष कललेला), त्रिनताक्ष (तिन्ही अक्ष एकमेकांना कललेले), फुटण्याच्या दिशांसाठी पाटन, कठिनता, चमक, हे सगळे शब्द मी त्या खंडांतून उचलले आणि वर्गात वापरले. खनिजाची नोंद संपताना नाव कशावरून पडले हे सांगायची त्यांची पद्धतही मला फार आवडते. मुलींना शाळेच्या ग्रंथालयातला एखादा खंड काढून अशी एक नोंद दाखवा.

उच्चार करताना मुले सुरुवातीच्या ‘स्क्लो’ला अडखळतात. ‘क्लास’मधला ‘क्ल’ आधी म्हणायला लावा, मग त्याच्यामागे ‘स्’ जोडा. स्क्लो, डोव्, स्काइट. तीन तुकड्यांत म्हटले की जमते.

वाक्यात वापरताना : खनिज हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून सगळी खनिजनामे नपुंसकलिंगी. ‘तो स्क्लोडोव्स्काइट’ नाही, ‘ते स्क्लोडोव्स्काइट’. अनेकवचन करू नये; ‘स्क्लोडोव्स्काइटचे नमुने’, ‘स्क्लोडोव्स्काइटचे स्फटिक’ म्हणावे. विभक्ती लावताना ‘कॅल्साइटाचे’ असे सामान्यरूप करायची ग्रंथांतली रीत चांगली आहे, पण इतक्या लांब नावाला ‘स्क्लोडोव्स्काइटाचे’ हे जिभेला जड जाते. मी ‘स्क्लोडोव्स्काइटचे’ लिहिते आणि कुणी सामान्यरूप केले तर खोडत नाही.

चूक जिथे खोडावीच लागते ती अर्थाची. खनिज, धातुक आणि धातू या तीन शब्दांची आपल्या बातम्यांत रोज सरमिसळ होते. युरेनियम हा धातू आहे. ज्या दगडातून तो काढणे परवडते ते धातुक. आणि ठरावीक रासायनिक घडण व ठरावीक अंतर्गत मांडणी असलेला निसर्गातला पदार्थ म्हणजे खनिज. स्क्लोडोव्स्काइट हे युरेनियमचे खनिज आहे, त्यात वजनाने सुमारे ५५ टक्के युरेनियम असते, तरी ते एवढ्या थोड्या प्रमाणात मिळते की त्याच्या एकट्याच्या जिवावर खाण चालत नाही. ‘स्क्लोडोव्स्काइटपासून वीज बनवतात’ असले वाक्य कुणी लिहिले तर तेही काढून टाका. ‘दुर्मिळ खनिज’ म्हणणे ठीक; मात्र ‘दुर्मिळ मृदा’ ही मूलद्रव्यांच्या एका वेगळ्याच गटाची संज्ञा आहे, तिचा इथे संबंध नाही.

हे खनिज तयार कसे होते ते सांगितल्याशिवाय नाव कोरडे राहील. जमिनीत खोलवर युरेनियमचे मूळ खनिज असते युरेनिनाइट, काळे, जड. डांबरासारखे दिसणारे त्याचे रूप म्हणजे पिचब्लेंड. क्युरींनी रेडियमसाठी बोहेमियातल्या योआखिम्सटालहून मागवले ते हेच. वरून झिरपणारे, ऑक्सिजन असलेले पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले की युरेनियमचे ऑक्सिडीभवन होते आणि ते पाण्यात विरघळण्याजोग्या युरेनिल रूपात जाते. हे पाणी भेगांमधून फिरताना वाटेत जे भेटेल त्याच्याशी संयोग पावते. सिलिका आणि कॅल्शियम भेटले तर युरॅनोफेन होते. सिलिका आणि मॅग्नेशियम भेटले तर स्क्लोडोव्स्काइट. शिंकोलोब्वेचे खडक डोलोमाइटी आहेत आणि डोलोमाइटात मॅग्नेशियम भरपूर असते, तेव्हा हे खनिज तिथे सापडावे यात नवल नाही. क्युराइटमध्ये शिसे असते. युरेनियमचा क्षय होत होत शेवटी शिसेच उरते, म्हणून जुन्या युरेनियम साठ्यात शिशाची वाण नसते. म्हणजे पिअर आणि मारी यांच्या नावाची दोन्ही खनिजे एकाच युरेनिनाइटच्या झिजेतून, वेगवेगळ्या सोबत्यांमुळे जन्मली.

शिकलेली मुले जिथे हमखास चुकतात ते नाव म्हणजे कपरोस्क्लोडोव्स्काइट. ‘कपरो’ म्हणजे तांब्याचे. मॅग्नेशियमच्या जागी तांबे, एवढाच फरक मानून १९३३ मध्ये हे नाव दिले गेले आणि काटांगात तांबे मुबलक असल्याने ते खनिजही तिथलेच. तांब्यामुळे त्याचे स्फटिक गर्द हिरवे असतात आणि संग्राहक त्याच्यावर जीव टाकतात. पण नावावरून वाटतात तितकी ही दोघे जुळी नाहीत. स्क्लोडोव्स्काइटचे स्फटिक एकनताक्ष, कपरोस्क्लोडोव्स्काइटचे त्रिनताक्ष. आतल्या मांडणीत फरक आहे. म्हणून ‘हिरवे स्क्लोडोव्स्काइट’ असे लिहू नये. ते वेगळे खनिज आहे आणि त्याचे नाव पूर्ण लिहावे.

शिंकोलोब्वेबद्दल एक गोष्ट नववीच्या मुलींना सांगावी की नाही, हे तुम्ही ठरवा. १९४० मध्ये या खाणीचे सुमारे १,२०० टन धातुक न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर नेऊन ठेवले होते आणि अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला लागलेल्या युरेनियमचा मोठा भाग याच खाणीतून गेला. मारी क्युरी ४ जुलै १९३४ रोजीच वारल्या होत्या. मी स्वतः वर्गात हे सांगत असे. नाव सांगायचे आणि त्या मातीचे पुढे काय झाले ते लपवायचे, हे मला कधी जमले नाही.

आता आपल्याकडचे. सांगली-साताऱ्याचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. बेसाल्टमध्ये युरेनियम अगदी नगण्य, साधारणपणे दहा लाख भागांत एखादा भाग किंवा त्याहून कमी. ग्रॅनाइटात ते याच्या काही पट असते. त्यामुळे आपल्या विहिरीत, खाणीत किंवा डोंगरात स्क्लोडोव्स्काइट मिळण्याची आशा धरू नका. भारतात युरेनियमच्या खाणी आहेत त्या झारखंडच्या सिंहभूम पट्ट्यात, जादूगुडा आणि आसपास, आणि आंध्र प्रदेशात कडप्पा भागात तुम्मलपल्ले इथे. गावात कुणी पिवळा दगड आणून ‘हे युरेनियम का?’ विचारले तर तो बहुतेक लोहाच्या गंजाने पिवळा पडलेला दगड असतो. माझ्याकडे असे दगड दर उन्हाळ्यात, विहिरींचे काम चालू असताना येत.

पण मुलींना स्क्लोडोव्स्काइटचा आकार आपल्याच कातळात दाखवता येईल. विहीर फोडताना निघालेल्या दगडात लहान पोकळ्या असतात आणि काही पोकळ्यांत पांढऱ्या बारीक सुयांचे पुंजके, एका बिंदूतून चौफेर फुटलेले. स्कोलेसाइट किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादे. अगदी तशाच बारीक सुया, तशाच फुललेल्या, फक्त पिवळ्या, अशी कल्पना केली की शिंकोलोब्वेचा नमुना डोळ्यांपुढे येतो. स्क्लोडोव्स्काइटची कठिनता २ ते ३ च्या दरम्यान, म्हणजे नखाएवढीच, आणि सुया इतक्या नाजूक की बोट लागले तरी मोडाव्यात.

बोट लावायचेही नाही. आंतरजालावर असले नमुने विकायला दिसतात आणि एखादा हौशी पालक शाळेसाठी मागवून देतो म्हणेल. मागवू देऊ नका. युरेनियमवर अणुऊर्जा कायद्याचे नियंत्रण आहे. त्याचा व्यवहार परवान्याशिवाय करता येत नाही. शिवाय सुयांची धूळ श्वासातून गेली तर ती आतून किरणे देत राहते, आणि बंद डबीतसुद्धा रेडॉन वायू साठतो. शाळेला छायाचित्र पुरेसे आहे.

भित्तिपत्रकासाठी मजकूर हवा असेल तर तो असा ठेवा, मुलींनी स्वतःच्या शब्दांत बदलला तरी चालेल : ‘स्क्लोडोव्स्काइट हे युरेनियमचे एक दुर्मिळ, पिवळे खनिज आहे. आफ्रिकेतल्या काँगोमधील शिंकोलोब्वे खाणीत ते सापडले. बेल्जियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड श्युप यांनी १९२४ मध्ये मारी क्युरी यांच्या सन्मानार्थ त्यांच्या माहेरच्या स्क्लोडोव्स्का या आडनावावरून त्याला हे नाव दिले. त्यांचे पती पिअर क्युरी यांच्या नावाचे क्युराइट हे खनिजही त्याच खाणीतले आहे.’ ज्या मुलीने ‘धातू’ लिहिले होते तिच्याकडूनच हे लिहून घ्या, शब्द तिनेच शोधला होता.

आणि चित्र काढणार असाल तर रंगाची काळजी घ्या. सांगलीत पिवळा म्हटले की हात आपोआप हळदीच्या रंगाकडे जातो. हा तो पिवळा नाही. पिकलेल्या लिंबाच्या सालीचा, किंचित फिका पिवळा घ्यायला सांगा, अणकुचीदार पेन्सिलीने एका ठिपक्यातून बारीक रेघा ओढायला सांगा, आणि शेजारी क्युराइटसाठी नारिंगी-लाल.